सबनीसबाईंचा तिरका पत्रा

सबनीसबाई चहा पितानाही डोंगराकडे तोंड करून बसायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "मामा, सरकणाऱ्या वस्तूकडे पाठ करू नये."

गावात पहिला एसटीडी बूथ आला त्या सालची गोष्ट. धारूरजवळ घाटाच्या उतरणीखाली आमचं घर होतं. संशोधनासाठी हैदराबादहून आलेल्या बाईंनी उतरणीवर ॲल्युमिनियमचे तीन पत्रे जोडून कोनाडा बसवला, तोंड आभाळाकडं, तिरकं. वरून उपग्रह जाणार, त्याच्या रडारचा झोत पत्र्यावर आपटून माघारी जाणार. दोन खेपा ताडून पाहिल्या की डोंगर बोटभर सरकला तरी कळणार. माणूस पोचत नाही अशा दूरच्या पहाडांत त्यांना हेच करायचं होतं, आधी इथं करून बघत होत्या.

"आमच्या आज्यानं बी ह्यो डोंगर हललेला बघितला न्हाई," मी म्हणालो.

"रोज बघत होते ना, म्हणून."

राखणीला मला ठेवून बाई आठवडाभर हैदराबादला गेल्या. मी हाडाचा गवंडी. तिरकी वस्तू डोळ्यात खुपते. मी ओळंबा लावला, पाचरी ठोकल्या, पत्रा सरळ केला. त्याच आठवड्यात उपग्रह येऊन गेला.

बाई आल्या, पत्र्यापाशी उकिडव्या बसल्या. त्या ओरडतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"काम सुबक केलंत मामा. पण आता आधीची खेप हिच्याशी जुळायची नाही. आणि माझ्या कामाची मुदत संपली."

चूक माझी म्हणायच्या ऐवजी मी पाचरी उपसायला लागलो.

निघताना म्हणाल्या, "दाखवायला कागद नाही माझ्याकडे. तुमच्या घरामागच्या जमिनीतल्या भेगा मात्र मी बघितल्यात. माझ्या शब्दावर इथून उठाल?"

"मी कुनाच्या शब्दावर बसलो न्हाई, उठायचा बी न्हाई."

जीप गेली. पत्ता मागायचा, तेही ताठ्यात राहिलं.

त्याच हिवाळ्यात मी घर उसवलं आणि एकेक दगड ओढ्यापलीकडं नेऊन पुन्हा बांधलं. बायको म्हणाली, "'उठतो', ह्येच बाईंम्होरं बोलला असता तर जीभ झिजली असती का?" माझ्या जोडीचे अजून चिडवतात, "काय बे, आला का डोंगर?" आला नाही. येऊही नये.

पण बाईंना यातलं काही ठाऊक नाही. त्यांच्या मनात मी अजून त्या उतरणीखालीच राहतो. झड लागली की, कुठं असतील तिथं, त्यांना माझा घोर लागत असेल.