नोंदवायला आलेले आमदार

सभागृहात बोलावे तसेच घरातही बोलणारा आमदार उभ्या महाराष्ट्रात एकच झाला आणि तो माझा साडू आहे. शंका असल्यास माझ्या मेहुणीस विचारावे. विधानसभेतील लेखी प्रश्नांचा साचा या गृहस्थांच्या जिभेवर कायमचा बसला आहे. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ते विचारत, "चहा अद्याप झालेला नाही, हे खरे आहे काय? असल्यास, विलंबाची कारणे काय?" मेहुणी आतून म्हणे, "अंशतः खरे आहे. दूध नासलंय." तेवढ्यावर ते समाधानाने पेपर उघडत. गाव म्हणते, हे नाटक होते. साफ चूक. नाटकी माणूस एकटा असला की थांबतो. मी त्यांना गोठ्यात गाईलाही हेच विचारताना ऐकले आहे.

रस्ता हा त्यांचा दुसरा छंद. गळीत हंगामात कोपरगावकडे जाताना मागे दिवा नाही, चमकती पट्टी नाही अशी उसाची ट्रॉली दिसली, की ते पुढे जाऊन जीप कडेला लावत, हात करून ट्रॅक्टर थांबवत आणि स्वतः पट्टी चिकटवत. एका लग्नाला आम्ही पोहोचलो तेव्हा शेवटची पंगत उठली होती. वाटेत चाळीस ट्रॉल्या लागल्या, असे लोक आज सांगतात. अकरा होत्या, पट्ट्या मीच कापून देत होतो. भर उन्हात चौकात उभ्या राहणाऱ्या हवालदारांसाठी तर त्यांनी अधिवेशनात विचारले होते, "पोलीस हाही मनुष्य आहे, हे खरे आहे काय?" सभागृह हसले. हे हसले नाहीत.

आता रावसाहेबाची गोष्ट, जी आजवर कोणीही धड सांगितलेली नाही. रावसाहेब आमच्याच गावचा ट्रॅक्टरचालक. साडूंनी त्याला दोनदा बजावले होते, तरी पट्टीविनाच त्याची ट्रॉली रस्त्यावर उभी राहिली आणि पहाटे एक मोटारसायकलवाला मागून धडकून पाय मोडून बसला. पोलिसांनी रावसाहेबाला नेले. दुपार झाली तरी ठाण्यात त्याची नोंद नव्हती आणि त्याची बायको हिराबाई हिला भेटू देत नव्हते. नोंद नाही म्हणजे माणूस तिथे नाहीच. मग आत त्याला हात लागला तरी विचारणार कोण? ती धावत साडूंकडे आली. साडूंनी टेबलावर हात आपटून त्याला सोडवले, असे अर्धे गाव सांगते. उरलेले अर्धे म्हणते, त्यांनीच त्याला अडकवले. दोन्ही खोटे. ठाण्यात मी साडूंच्या शेजारच्याच खुर्चीवर होतो.

"सकाळपासून हा माणूस तुमच्या ताब्यात आहे, हे खरे आहे काय?" साडूंनी विचारले.

"नुसती विचारपूस चाललीय, आमदारसाहेब," फौजदार म्हणाले. "तुम्ही म्हणत असाल तर घेऊन जा की."

मी उठलोसुद्धा. साडू बसूनच राहिले. "न्यायला आलो नाही. अटक असेल तर वेळ घालून नोंद करा, कारण लेखी द्या, डॉक्टरांना दाखवा, उद्या कोर्टात उभे करा. ज्याचा पाय मोडला, त्यालाही न्याय हवाच आहे."

हिराबाई दारातून म्हणाली, "आवो सायेब, तुमी सोडवायला आला का आडकवायला?"

"नोंदवायला," साडू म्हणाले.

फौजदारांनी रजिस्टर ओढता ओढता मला हळूच विचारले, "हे नेहमी असंच का?"

"घरी याहून वाईट," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी रावसाहेबाला जामीन मिळाला. खटला मात्र उभा राहिला, आणि पुढच्या निवडणुकीत साडू पडले. कारणे लोक निरनिराळी सांगतात. मी त्यातले एकही मानत नाही.

निकालानंतर चार दिवसांनी, ओसरीवर आम्ही दोघेच असताना हिराबाई आली. बस म्हटले तरी बसली नाही.

"मत न्हाई दिलं म्या तुमाला, खोटं कशाला बोलू. घरात लई राग हुता. पर त्या दुसऱ्या दिशी आमचे मालक सोताच्या पायानं चालत घरी आले. तेवढं सांगायचं ऱ्हायलं हुतं."

साडू उठले. ते तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेले आणि ती रस्ता ओलांडून पलीकडे पोहोचेपर्यंत तिथेच उभे राहिले. ते रडत होते, असे लोक सांगतात. मीही मागोमाग जाऊन शेजारी उभा होतो. ऊन डोळ्यांवर येत होते, एवढेच मी सांगेन.