गुणाबाईंनी चालून दाखवलेली हद्द

२००६च्या मे महिन्यात वडप्याच्या गुणाबाई धामणकर नाक्यावरील माझ्या टेबलाशी आल्या. हातात चौदा पानी इंग्रजी खरेदीखत होते आणि घर रिकामे करण्याच्या नोटिशीचे आठ दिवस उरले होते. मी दस्तऐवजांची भाषांतरे करीत असे. आमची गावे शेजारची.

"रामनाथ, बाला, या कागदान माजा घर हाय का न्हाय, तेवढा सांग."

सव्विसाव्या वर्षी वैधव्य आल्यावर त्यांनी शेताच्या कोपऱ्यात स्वतः माती तुडवून ते घर उभे केले होते. सातबाऱ्यावर त्याची नोंद कधी झाली नाही. जे कागदावर नाही ते कागदाने जाणार कसे, असा त्यांचा हिशेब. गोदामासाठी शेत विकले तेही गावच्या रीतीने. खरेदीदाराचा माणूस मागे, गुणाबाई पुढे. बांधावरून अनवाणी चालत त्यांनी वळणावळणाला दगड ठेवले. गोठ्याच्या मागे येताच त्या वळल्या. घर, गोठा, अंगणातला आंबा हद्दीबाहेर राहिले. त्या माणसाने मान डोलावली. गुणाबाईंच्या लेखी व्यवहार तिथेच पुरा झाला. अंगठा हा नंतरचा उपचार.

खताच्या परिशिष्टात विकलेल्या जमिनीपुढे आणखी एक शब्द होता, 'मेस्विज'. मला तो ठाऊक नव्हता. वाचनालयातल्या जुन्या कोशात सापडला. शतकानुशतके इंग्रजी खतांत चालत आलेला, मूळचा फ्रेंच वळणाचा. राहते घर, त्याला लागून असलेले गोठे-कोठ्या, अंगण, परसबाग, एवढे सारे तो एकटा सांगतो.

"म्हंजे गोठा पन?"

"गोठाही, काकी."

"आनि आंबा?"

"अंगणातला म्हणजे तोही."

त्या किंचित हसल्या. "त्या इंग्रजांचा पन गोठा घराला लागूनच व्हता म्हन की." मग त्यांनी कागद मिटला. "पन मी गोठ्याच्या पाठून वलले. त्यानं डोल्यांनी बगला."

मी त्यांना एका वकिलांकडे नेले. त्यांनी साक्षीदार विचारला. साक्षीदार एकच, तो मागून चालणारा माणूस. आम्ही त्याला गाठले. "उन्हात फिरलो एवढं आठवतं, मावशी," तो म्हणाला आणि मोटारसायकल सुरू केली.

नवव्या दिवशी सकाळी मी वडप्याला पोहोचलो, तेव्हा गुणाबाई पुन्हा बांधावरून चालत होत्या. या खेपेस मागे कोणी नव्हते. गोठ्यामागे त्यांनी दगड ठेवला, वळल्या आणि उंबऱ्यावर येऊन बसल्या. घर पाडायचे यंत्र आले. चालकाने खाली उतरून तो दगड उचलला आणि बाजूला ठेवला. गुणाबाई उठल्या, दगड जागेवर ठेवून आल्या. असे तीनदा झाले.

चौथ्यांदा चालक खाली उतरला नाही; यंत्र दगडावरून पुढे गेले.