चिंचेखालचा मुरूम

डिसेंबर १९७३, वेळ अमावस्या. हजर: अप्पा, म्हणजे माझे वडील, आत्या, त्यांची थोरली बहीण, दादा, माझा मोठा भाऊ, जत्रेतल्या पाळण्यांचं काम बघणारे मिस्त्री, आणि मी. आई पाय मुरगळल्यामुळे सोलापूरच्या शुक्रवार पेठेत घरीच होती, पण तिनं केलेली भज्जी, म्हणजे भाज्या आणि शेंगांची पातळ मिसळ, आणि बाजरीचे उंडे डब्यांतून आले होते, म्हणून तिचीही हजेरी लावते.

ठिकाण, विजापूर रस्त्याकडची आत्याची चिंचेची राई. आता तिथवर जुळे सोलापूरच्या कॉलन्या पोचल्या आहेत. तेव्हा शहर संपलं की नुसता माळ लागायचा, उन्हानं डोळे मिटायचे, आणि मग एकदम पुढं काळी सावली दिसायची. आदल्या वर्षीच्या दुष्काळात लाकडाच्या वखारीवाले आत्याकडं येऊन गेले होते. तिनं त्यांना बसवलं, पाणी पाजलं आणि वाटेला लावलं. नवऱ्यामागं तिच्याकडं राहिलं ते एवढंच, एक खोली आणि ही झाडं. मूलबाळ नव्हतं. झाडांशी ती बोलायची, पण लाडानं नाही. बहुतेक वेळा रागवायचीच.

वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, सगळे रानात जेवतात. कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात पूजा मांडायची, रानात आंबील शिंपडायची आणि मग झाडाखाली पंगत. आमची पंगत राईतल्या मधल्या चिंचेखाली बसायची. ती सगळ्यांत मोठी. तिचा बुंधा कवेत घ्यायचा तर आम्हा सगळ्यांना हात धरून उभं राहावं लागे.

अप्पांचा धंदा पाळण्यांचा. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याची जत्रा, मग उन्हाळाभर गावोगाव, पार नातेपुत्याकडंसुद्धा. पाळणा उतरवताना कुठला बोल्ट कुठल्या पोत्यात गेला हे लिहून ठेवायचं काम शाळेत असल्यापासून माझ्याकडं होतं. याद्या करायची सवय तिथली. आता पन्नाशी ओलांडली तरी वाण्याची यादी मी जड सामान आधी, हलकं नंतर अशीच करते. ट्रक भरायचा असल्यासारखी.

अप्पांचा एक नियम होता. जत्रा उठली की खांबांचे खड्डे बुजवल्याशिवाय जागा सोडायची नाही. बाकीचे पाळणेवाले सामान उचलून निघून जायचे. अप्पा मुरूम टाकायचे, पाणी मारायचे, धुम्मस घेऊन जमीन ठोकून बसवायचे आणि शेवटी त्यावर स्वतः उड्या मारून बघायचे. "बैलाचा पाय खचला न्हाई पायजे. जागा घेतली तशी दिली पायजे," म्हणायचे. गावोगावचे पंच त्यांना ओळखायचे ते यामुळं. पाळणा किती उंच होता ते कुणाला आठवत नसे.

पण आता गुडघे बोलायला लागले होते. एकदा उभा केलेला पाळणा पुन्हा उतरवायचा नाही, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. आदल्या उन्हाळ्यात त्यांनी राईत झोके, घसरगुंडी आणि घोड्यांची चक्री लावून बघितली. आत्याच म्हणाली होती, "ये, बस माझ्या सावलीला." माणसं नुसती लोटली. सोलापूरच्या मे महिन्यात भर दुपारी मुलांना बाहेर काढता येईल अशी दुसरी जागाच नव्हती. म्हणून आता मोठा आकाशपाळणा आणि रुळावरची छोटी आगगाडी आणायचं ठरत होतं. त्याची बोलणी त्या दिवशी पंगतीतच सुरू झाली.

दादा म्हणाला, "ती मधली चिंच काढली की सगळं सरळ बसतंय. मध्ये पाळणा, भोवतीनं गाडी."

मधली चिंच म्हणजे जिच्याखाली आम्ही जेवत होतो ती. आत्या आंबील वाढत होती. तिचा हात थांबला नाही. "आन् पुढच्या येळवशीला तू कुटं जेवनार? पाळण्यात?"

"आत्या, एवढी झाडं हायत. एकानं काय होतंय?"

"तुला दात बी लई हायत की. मधला काढून बघू का?"

मिस्त्री हसले आणि लगेच ताटात बघायला लागले. त्यांना उद्यापासून दादाबरोबरच काम करायचं होतं.

अप्पांना चिंच नको होती असं नाही, पण पाळणा हवा होता, आणि दादाचं म्हणणं कागदावर बरोबर होतं. ते हळूच म्हणाले, "अक्का, बघू या. एकच."

"ब्याड, तम्मा. ब्याड." नको, बाळा, नको. ही दोघं भांडायची आणि समजूत काढायची ती कानडीत, पण पुढचं ती मराठीत बोलली, आम्हाला कळावं म्हणून. "गड्ड्यावरनं उठताना खड्डं बुजवून येतूस न्हवं? मग ही काढल्यावर हितला खड्डा कशानं बुजवशील? एवढी चिंच कुटनं आणशील?"

अप्पांनी उंडा मोडला, भज्जीत बुडवला, खाल्ला. मग मला म्हणाले, "दोरी आन."

जेवण झाल्यावर आम्ही दोरी धरून राई मोजली. फक्कीनं रेघा मी मारल्या. आकाशपाळणा उत्तरेच्या कडेला, जिथं झाडं संपून उघडं रान लागत होतं तिथं. गाडीचा रूळ झाडांना वळसे घेत. मधल्या चिंचेखाली काही बांधायचं नाही. तिथं माणसांनी बसायचं. माझ्या रेघा बघून दादा म्हणाला, "ही गाडी हाय का गांडूळ?"

"गांडूळच," आत्या म्हणाली. "जमिनीला चांगलं असतंय."

आणि चाललं ते गांडूळच. सरळ रूळ असता तर मुलं एका फेरीत कंटाळली असती. इथं प्रत्येक वळणावर गाडी झाडामागं जायची आणि आया "कुटं गेली, कुटं गेली" म्हणून उठून उभ्या राहायच्या. रविवारी गिरण्यांकडची कुटुंबं यायची. तेलुगू, दखनी, कानडी, मराठी असा सगळा कालवा चिंचेखाली. पोरं कोवळ्या चिंचा खिशात भरायची. फांदी ओढणाऱ्याला आत्या फाटकातून ओरडायची, "तुझा हात ओढू का असाच?" चैत्रानंतर फुलं झडायची तेव्हा चक्रीच्या घोड्यांच्या पाठीवर बारीक पिवळा थर बसायचा, आणि सकाळी तो पुसायचा माझा जीव होत नसे. यादीत लिहिलेलं असायचं, "घोडे पुसणे". मी ते सगळ्यांत शेवटी करायची.

आकाशपाळण्यात मी वर गेले की खाली राई दिसायची, एका तुकड्यात, हिरवी. तिच्या पलीकडं सगळा पिवळा माळ आणि लांब गिरणीची चिमणी. पाळणा वर क्षणभर थांबायचा. त्या थांबण्यासाठी आजही जीव तुटतो. मी नंतर मोठ्या शहरांतले मोठे पाळणे बघितले. वरून दिसायला खाली काही नव्हतं.

आता मुरमाचं. चिंचेखालची जमीन उंचसखल होती, मुळ्या वर आलेल्या. पोरं ठेचकाळायची, धुरळा उडायचा. अप्पांनी त्यांना सगळ्यांत चांगलं जे येत होतं ते केलं. मुरूम आणला, पसरला, पाणी मारलं, धुम्मस मारली. जत्रेतले खड्डे बुजवायचे त्याच मायेनं, उलट जास्तच, कारण ही जागा बहिणीची. दर उन्हाळ्याआधी एक नवा थर. बुंध्यापासून फांद्यांच्या टोकापर्यंत जमीन घरासारखी सपाट झाली. आत्या खूश. तिनं ती सारवली, सणाला तिच्यावर रांगोळी काढली. "आता कुटं माणसात आली," असं ती चिंचेला म्हणाली.

काही वर्षांनी चिंचेच्या एका बाजूला पालवी कमी आली. पुढच्या वर्षी आणखी कमी. शेंड्याच्या काटक्या वाळल्या. दुपारी तिथं सावलीत भोकं दिसायला लागली आणि पंगतीला बसलेली माणसं सतरंजी ओढून सरकायची.

आत्याला वाटलं, दिव्यांमुळं. अप्पांनी फांद्यांना रंगीत बल्ब लावले होते. "रातभर डोळ्यावर उजेड. झोपंल कशी ती?"

"आता तिला अंगाई म्हणू का?" दादा म्हणाला; पण बल्ब त्यानंच, शिडी लावून, उतरवले. फरक पडला नाही. मिस्त्री म्हणाले कीड असेल. कडुनिंबाचा पाला उकळून बुंध्याला लावला. तरी नाही. आत्या संध्याकाळी जेवण टाकायला लागली. दुष्काळातून राखलेलं झाड तिच्या डोळ्यांसमोर जात होतं, आणि ते गेलं तर भावाला दिलेली सावलीही जाणार होती.

कळलं ते पाळण्याचं इंजिन धुताना. दिवाळीनंतरची सकाळ होती. डिझेल इंजिनाजवळची पाण्याची टाकी अप्पांनी उपडी केली, चिंचेला तेवढंच पाणी म्हणून. पाणी बुंध्यापाशी क्षणभरही थांबलं नाही. सारवलेल्या जमिनीवरून घसरत, सिमेंटवरून जावं तसं, सरळ फाटकापर्यंत गेलं. अप्पा त्याच्या मागं मागं चालत गेले. परत आले. चिंचेखाली उभे राहिले आणि त्यांनी उडी मारली, खड्डा बुजवल्यावर मारायचे तशी. पाय जराही खचला नाही.

"अक्का," ते म्हणाले, "मीच दाबलंय हिला."

मला वाटलं आता आत्या बोलेल. तिच्याकडं बोलण्यासारखं पुष्कळ होतं. ती खाली वाकली, तळहातानं जमीन चाचपली. "वरनं सारवलं कुनी?" ती म्हणाली. "मीच की रं."

दुसऱ्या दिवसापासून अप्पा टिकाव घेऊन बसले. उभं राहून मारला तर मुळी तुटेल, म्हणून बसून. जन्मभर जमीन बसवलेला माणूस आता ती खरवडून मोकळी करत होता, चहाच्या कपाएवढी, घमेल्याएवढी. मिस्त्रींना हात लावू दिला नाही. दादानं मदतीला माणसं आणतो म्हटलं तर म्हणाले, "जत्रंत खड्डा मी बुजवतो, हितला मीच उकरनार." आत्या मुरूम घमेल्यात भरायची, मी नेऊन टाकायची. खालची माती बघितली तेव्हा ती पांढुरकी, विटेसारखी झाली होती. तिच्यात मुळ्या दिसायच्या, चपटलेल्या.

गड्डा आला तोवर बुंध्याची एक बाजू झाली होती. त्या वर्षी अप्पांना गड्ड्यात पाळणा लावायची काही गरज नव्हती, पण शब्द दिलेला होता. गेले. जत्रा उठल्यावर सगळे खड्डे बुजवून, उड्या मारून, परत आले. "उरलेली बाजू आता होळीच्या आत," असं मला सांगून त्यांनी ते यादीत लिहायला लावलं. होळीच्या आत तेच गेले. झोपेत. आत्या त्यानंतर दोन पावसाळे बघून गेली. तिला टिकाव झेपत नव्हता आणि ज्याला झेपत होता त्या कुणाला ती हात लावू देत नव्हती. "तम्माचं काम हाय ते," म्हणायची.

माझं लग्न झालं, मी पुण्याला गेले. दादानं बाग काही वर्षं चालवली, मग पाळणा विकला, रूळ विकला. आत्यामागं त्याच्याकडं आलेली जमीनही गेली, तिथं आता सोसायटी आहे. पण एक लिहायलाच हवं. मधली चिंच काढू या म्हणणाऱ्या दादानं व्यवहाराच्या कागदात घालून घेतलं की ती चिंच काढायची नाही. बाकीची राई त्याला वाचवता आली नाही.

वेळ अमावस्येला मी सोलापूरला येते. डब्यात भज्जी, उंडे, बाटलीत आंबील. वॉचमन ओळखतो, फाटक उघडतो. चिंच दोन इमारतींच्या मध्ये उभी आहे. अप्पांनी मोकळ्या केलेल्या बाजूला ती अजून भरगच्च आहे, तिथं पोपट येतात, सोसायटीतली मुलं चिंचा पाडतात. दुसऱ्या बाजूला नुसत्या काटक्या. तिकडची जमीन आजही खचत नाही, म्हणून सगळे तिथंच स्कूटरी लावतात. मी मोकळ्या बाजूला बसून जेवते, आंबील दोन्हीकडं शिंपडते. इकडची जिरते. तिकडची स्कूटरींच्या चाकांखालून वाहत जाते.

तिकडच्या स्कूटरी हलवून जमीन उकरू द्या म्हणून सोसायटीच्या चेअरमनना मी भेटले. सभ्य गृहस्थ आहेत. "मॅडम, पुढच्या मीटिंगला विषय घेऊ," म्हणाले. मागच्या वर्षीही हेच म्हणाले होते.

टिकाव दादाकडं आहे, दांडा नवा बसवून घेतला आहे. घमेलं आहे. बसून काम करायला माझे गुडघे अजून चालतात. गाड्या हलवून घ्यायच्या आहेत आणि उरलेली बाजू मोकळी करायची आहे.