मलिद्याचे धोंडे

आमच्या घरात सायकलवरून कुठं जायचं ठरलं की बायको सगळ्यात आधी पिशवीत हळदीची पुडी आणि सुतळीचं बंडल टाकते. माणूस फुटला तर हळद, सायकल फुटली तर सुतळी. ही तयारी तिला अनुभवानं शिकवली, आणि तो अनुभव मी पुरवला.

पैठणला निघालो तेव्हा मी हवा भरायचा पंप आठवणीनं घेतला होता. तो मुलीच्या सायकलला बसत नाही हे बिडकीनच्या पुढं कळलं. वेरूळला पायी जायचं ठरवलं तेव्हा मी नवे बूट घातले आणि दौलताबादहून बूट गळ्यात अडकवून रिक्षानं परत आलो. हर्सूलच्या तलावाकडं जाताना मागं वळून बायकोला ‘समोर बघून चालव’ असं सांगत होतो आणि थेट एका भाजीच्या गाड्यावर गेलो. त्या गाडेवाल्यानं आधी मला उचलून झटकलं, मग वांगी झटकली, आणि वर पाणी पाजलं. दर खेपेला असं कुणीतरी भलं माणूस भेटत गेलं. मी सुधारलो नाही, त्याचं कारणही तेच असावं.

पण आठवतो तो धोंड्याच्या महिन्यातला प्रवास.

अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, त्याला पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं. माझी सासुरवाडी फुलंब्रीच्या पुढं, सिल्लोडच्या अलीकडं. सासूबाईंना मी मामी म्हणायचो. आधीच्या धोंड्याच्या महिन्यात सगळंच बंद होतं, रोगाची साथ होती, आम्हाला जाता आलं नाही. मामींनी ते मनाला फार लावून घेतलं. जावई उपाशी राहिला, असं त्या लोकांना सांगायच्या. तो जावई घरात बसून आठ किलोनं वाढला होता, पण ते त्यांना पटायचं नाही.

म्हणून त्या वर्षी त्यांनी ठरवूनच टाकलं होतं की जावई जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही.

आणि मी ठरवलं, सायकलनं जायचं. मी, बायको आणि नववीतली मुलगी. तीन सायकली. पावसाचे दिवस, कपडे खराब व्हायला नकोत म्हणून मी आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं तिन्ही सायकलींना मडगार्ड बसवले, चाकाला अगदी चिकटून. शिवाय फोन एकच घ्यायचा, माझा, असाही हुकूम काढला. "आपल्या लहानपणी कुठं होते फोन?" बायकोनं नुसतं बघितलं आणि आपला फोन कपाटात ठेवला.

शहरातल्या आमच्या मुकुंदवाडीहून झुंजूमुंजू होताच निघालो. चौक्याचा घाट मी अर्धा चालवत आणि अर्धा ढकलत चढलो. मुलगी वर थांबून टाळ्या वाजवत होती. फुलंब्रीला चहा घेताना मेव्हण्याचा फोन आला.

"दाजी, कुठवर आलात? आईनं शुगरची गोळी घेतली अन् तवापासून पोटात अन्नाचा कण नाही. तुम्ही जेवल्याबिगर जेवत नाही म्हणती. मागं अशीच गोळी घेऊन उपाशी राहिली तर चुलीपाशी कोसळली होती. आम्ही सांगून थकलो. अकरापर्यंत या बरं का."

साडेनऊ झाले होते. सडकेनं गेलो असतो तर अकराच्या आत पोचलो असतो. पण मला आठवलं की मधून शेतातून एक पांद जाते. दोन्हीकडं बांध, मधून गाडीवाट. तिनं गेलं तर पाच-सहा किलोमीटर वाचतात.

"रात्री पाऊस झालाय," बायको म्हणाली.

"म्हणूनच धूळ नसेल," मी म्हणालो.

मी शेतकऱ्याचा मुलगा. काळ्या रानात पाऊस झाल्यावर बैलगाडीसुद्धा घालत नाहीत, हे मला चालता येण्याआधी माहीत होतं. पण वाळूजच्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढली की माणूस डांबरालाच जमीन समजायला लागतो.

पहिला अर्धा किलोमीटर बरा गेला. मग चाकं जड झाली. मग फिरायचीच थांबली. काळी माती टायरला चिकटून वर मडगार्डमध्ये ठासून बसत होती, जणू कुणी आतून गिलावा करत होतं. मी काडीनं खरवडायचो, चार पावलं ढकलायचो, परत तेच. चपला खाली राहायच्या आणि पाय पुढं जायचा.

"बाबा," मुलगी म्हणाली, "ही सायकल आहे का रोटाव्हेटर?"

आता मेव्हण्याला फोन करावा म्हणून मी खिशात हात घातला. हात चिखलानं बरबटलेला. फोन साबणाच्या वडीसारखा निसटला आणि बैलाच्या खुरानं पडलेल्या खड्ड्यात, साचलेल्या पाण्यात, पालथा पडला. काढला, पुसला, फुंकला. त्यानं एकदा उजेड दाखवला आणि गेला.

माझी बायको बोलत असते तोवर मला भीती नसते. ती गप्प झाली. सायकल बांधाला टेकवून उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "आई खरंच जेवायची नाही. मी ओळखते तिला."

मुलीनं घड्याळ बघितलं. सव्वाअकरा. सडक मागंही लांब होती आणि पुढंही.

तेवढ्यात शेजारच्या कपाशीतून एक डोकं वर आलं. साठीच्या आसपासची बाई, हातात खुरपं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तिच्यामागं तिचा नवरा.

"अगं माय! पावसाचं पांदीनं कोन येतं? कुठले तुमी?"

"मुकुंदवाडीचे."

"मंग बराबर हाय," ती म्हणाली.

नवरा बांधावरून उतरला, माझ्या सायकलकडं बघितलं, मडगार्डकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. या तिन्हींमधलं सगळ्यात निकामी काय ते त्यानं ठरवलं असावं, कारण मला बाजूला सारून तो खुरप्यानं चाकं मोकळी करायला बसला.

बायकोनं त्या बाईला सगळं सांगितलं. धोंडे, गोळी, उपास. सांगता सांगता तिचा आवाज फाटला. बाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आईचा नंबर तोंडपाठ हाय का?"

होता. तिला एकच नंबर पाठ होता, आईचा. माझा नाही.

"पर नुसतं सांगून तुझी आई ऐकायची नाय," बाई म्हणाली. "जावई जेवला पायजे, असंच ना? चला लिंबाखाली. तिथं रेंजबी येती."

तिथं तिच्या न्याहारीची दुरडी होती. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, एका कागदात गुळाचा खडा. तिनं भाकरी कुस्करली, गूळ फोडून तिच्यात कालवला आणि तो मलिदा मुठीनं दाबून त्याचे दोन गोळे केले.

"हे तुमचे धोंडे. बसा."

मी टेकणार तोच ओरडली, "थांबा! पाय नाय का धुवायचे जावयाचे?"

विहिरीवरून तिनं घागर आणली. माझे पाय गुडघ्यापर्यंत काळे. पहिल्या घागरीत पाय कुठून सुरू होतात ते दिसलं, दुसरीत बोटं दिसली, तिसरी आणायला तिचा नवरा गेला. मी लाजेनं "मावशी, राहू द्या" म्हणत होतो आणि मुलगी हसून हसून लिंबाला टेकली होती. कुंकू जवळ नव्हतं, तर मावशीनं स्वतःच्या कपाळावर बोट घासलं आणि माझ्या कपाळाला लावलं. मी मलिदा खाल्ला. भूक एवढी लागली होती की दोन गोळे कधी संपले कळलंही नाही, मग ठेच्याबरोबर वेगळी भाकरीही खाल्ली.

मग तिनं बटणांचा फोन काढला, नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

"हॅलो. मी तुमच्या जावयाची सासू बोलते."



"जावयाची सासू मी हाय," मामी म्हणाल्या. आवाज ओढल्यासारखा येत होता. "तू कोन? रांग नंबर लागला तुझा."

"रांग नाय, बराबर हाय. तुमचा जावई माझ्या रानात फसलाय."

"जित्ता हाय ना?"

"जित्ता हाय. धुवून घेतलाय. अन् धोंडेबी घातले म्या त्याला. तवा तुमी आता जेवा."

"कशाचे घातले?"

"मलिद्याचे."

"मलिद्याचे धोंडे नसत्यात बाई."

"रानात असत्यात."

मामी म्हणाल्या, "द्या त्यांना."

मी फोन घेतला. "मामी, मी खरंच जेवलो. पोट भरलं."

"तुमचं काय खरं? मागं म्हनले घाट चढून आलो, अन् टेम्पोवाला हितं येऊन सांगून गेला. खाताय तर आवाज येऊ द्या."

मी मावशीकडं बघितलं. तिनं दुरडीतून भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. मी फोन तोंडाशी धरून तो चावला. पन्नाशीचा माणूस, एका कारखान्यातला सुपरवायझर, लिंबाखाली उभा राहून सासूला चावल्याचा आवाज ऐकवत होता. एवढं मन लावून मी दुसरं कुठलं काम केल्याचं आठवत नाही.

"बरं," मामी म्हणाल्या.

मावशीनं फोन काढून घेतला. "आता तुमी. मलाबी ऐकू येऊ द्या."

"मी खाईन मागून."

"मागून नाय, अक्का. तुमची लेक हितं रडायली."

बायको रडत नव्हती, पण हे ऐकल्यावर लागली. पलीकडून मेव्हण्याचा आवाज आला, ताट ठेवल्याचा आला, आणि मग काही नाही. आम्ही सगळे त्या फोनभोवती वाकून उभे. मावशीचा नवरा हातातलं खुरपं तसंच धरून. मग बारीकसा आवाज आला. भाकरी मोडल्याचा. मग चावल्याचा, सावकाश, दात कमी झालेल्या माणसाचा. मध्ये एकदा पाणी प्यायल्याचा. बायकोनं माझं मनगट धरलं होतं, आणि पलीकडची अर्धी भाकरी संपेस्तोवर सोडलं नाही.

"झालं?" मावशीनं विचारलं.

"झालं," मामी म्हणाल्या. आवाजात जरा जीव आला होता. "बाई, त्यांना ठेचा जास्ती देऊ नको. त्यांना सोसत नाय."

"दिला की मगाशीच."

"मंग तूच निस्तर."

त्या दोघा नवरा-बायकोनं आमच्या सायकली रानातून खांद्यावर घेऊन सडकेला लावून दिल्या. मडगार्ड त्यानं काढून माझ्या हातात ठेवले होते. तेवढंच माझं ओझं.

दुपारी अडीचला पोचलो. मामी दारात बसल्या होत्या. त्यांनी परत पाय धुतले, परत बसवलं, आणि पुरणाचे धोंडे वाढले. मी मुकाट्यानं खाल्ले. वाण देताना त्यांनी अनारशांचे दोन वाटे केले. एक माझ्यापुढं ठेवला, दुसरा कापडात बांधून लेकीकडं दिला. "तिनं आधी घातले. मान तिचा." दुसऱ्या दिवशी सडकेनं परतताना आम्ही ते गाठोडं मावशीकडं पोचवलं. तिनं आधी ‘नाय नाय’ केलं आणि मग उलगडून तिथंच एक अनारसा खाऊन बघितला. "गूळ चांगला हाय अक्काचा," म्हणाली.

पुढं त्या दोघी सणावाराला फोनवर बोलायच्या. एकमेकींना कधी बघितलं नाही. मामींना नंबर लावता यायचा नाही, नातवाकडून लावून घ्यायच्या, आणि बोलण्यात बहुतेक मीच असायचो. अजून काय काय पाडलं, कुठं कुठं आपटला. माझी बेअब्रू तालुक्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पोचत होती.

मामी यंदा संक्रांतीनंतर गेल्या. झोपेतच. माणसं जमली, दिवस झाले, सगळ्यांना कळवलं. कळवायच्या माणसांची यादी मीच केली होती.

परवा, धोंड्याचा महिना लागल्यावर, मावशीचा फोन आला.

"जावईबापू, अक्काचा फोन लागंना हो. पाडव्यालाबी लावला, बंद. कालबी बंद. नंबर बदलला का तिनं?"

आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या आणि बहुतेक चारचौघांत हसून सांगितल्या. ही सांगायला मला तोंड नव्हतं. यादीत दूरचे चुलते होते, दूधवाला होता. मावशी नव्हती. मी तसाच फोन धरून उभा राहिलो. बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि तिला कळलं. तिनं हात पुढं केला, पण मी फोन दिला नाही. हे मीच सांगायला हवं होतं.

सांगितलं.

पलीकडून ऐकू आला नुसता उन्हाळ्याचा वारा, शेतातल्या फोनवर येतो तसा.

"मला बोलावलं नाय," ती म्हणाली.

"चुकलो, मावशी."

"तोंड तरी बघितलं असतं." मग परत वारा. नाक ओढल्याचा आवाज. "मंग औंदा तुमाला धोंडे कोन घालतंय?"

मी म्हटलं, कुणी नाही.

"रविवारी या तिघंबी. पुरनाचे करते, मलिद्याचे नाय. अन् मी काय तुमी आल्याबिगर जेवनार नाय."

"मावशी, तसं करू नका. तुम्ही जेवून घ्या."

"मंग येळेवर या," ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.