मेजर आणि मैदानातलं झाड

मेजर कुठेही निघाला तरी आधी डावा पाय टाकायचा. मॉलमध्ये भाजीची ट्रॉली ढकलायची असो की कुणाच्या घरी सत्यनारायणाला जायचं असो, पहिला पाय डावा. सोबत चालणाऱ्याचं पाऊल त्याच्या पावलाशी जुळलं नाही, की तो बोलता बोलता एक इवलीशी उडी मारून पाऊल बदलून घ्यायचा. बोलणं तुटायचं नाही. अर्धं वाक्य, उडी, उरलेलं वाक्य.

त्या उडीनंच आमची भेट घडवली. दोह्यातल्या अबू हमूर भागातल्या एका पार्किंगमध्ये माझ्या पुढे एक गोल, ठेंगणा, टक्कल पडलेला गृहस्थ एका मल्याळी माणसाबरोबर चालला होता, आणि मधेच त्यानं ती उडी मारली. मी पिशवीसकट थबकलो. अशी उडी जगात एकाच ठिकाणी शिकवली जायची. सटाण्याच्या बाजूच्या आमच्या शाळेत, बँडमधल्या मुलांना, पी.टी.च्या सरांकडून. मी मागून नुसतं म्हटलं, "बँड?" तो गृहस्थ जागच्या जागी सावधान झाला. मग वळून म्हणाला, "झांजा. तू?" मी म्हटलं, "बिगुल." त्यानं मला भर उन्हात मिठी मारली आणि मल्याळी माणूस घाबरून गाडीत जाऊन बसला.

त्याचं आडनाव दाणी. शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे. थुमामाला जे टोपीच्या आकाराचं स्टेडियम उभं राहत होतं, तिथे एका कंत्राटदार कंपनीत तो सेफ्टी इंजिनियर होता. बायको-मुलं नाशकात, हा इथे दोन खोल्यांत. सगळा दोहा त्याला मेजर म्हणायचा. त्याच्या बिल्डिंगचा वॉचमन, नेपाळहून आलेला माजी सैनिक, त्याला रोज सॅल्यूट ठोकायचा आणि मेजर तो गंभीरपणे स्वीकारायचा. मी एकदा विचारलं, की अरे, सैन्याच्या जवळून तरी गेलायस का? तो म्हणाला, "मी कधी सांगितलं का सैन्यात होतो म्हणून? मी बँडमेजर. तेही झालो नाही, ती गोष्ट वेगळी."

ती वेगळी गोष्ट अशी. पाच वर्षं त्यानं डाव्या रांगेत झांजा वाजवल्या. दहावीत सरांनी त्याला बँडमेजर केलं, चांदीच्या मुठीची काठी हातात दिली, आणि पंधरा ऑगस्टच्या आधीच त्याच्या बँकेतल्या वडिलांची बदली झाली. काठी दुसऱ्याकडे गेली, दाणी ट्रकमध्ये गाद्यांवर बसून जळगावला गेला. पुढे कॉलेजच्या एन.सी.सी.तही ऐन संचलनाच्या वेळी कावीळ झाली. "परेड आली की माझी बदली येते," असं तो म्हणायचा. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यात एकदा बँडच्या पुढे चालायचं होतं. बाकी काही नाही.

दोह्यात आमच्या शाळेची माणसं होती बरीच. गॅसवाले, आयटीवाले, मंगल आहेर ही हॉस्पिटलातली नर्स. फुटबॉल वर्ल्ड कपच्या नावानं तेव्हा गल्लोगल्ली मंडळं निघत होती. केरळवाल्यांचं चेंडा-ढोलांचं पथक होतं, गोव्याच्या लोकांचा ब्रास बँड होता. मराठी लोकांनी अर्थात ढोल-ताशा सुचवला. मेजरनं हात वर केला आणि जाहीर केलं, "ढोल नाही. ड्रम आणि बिगुल. माजी विद्यार्थ्यांचा बँड. येत्या फेब्रुवारीत, कतारच्या क्रीडादिनाला."

बिगुल तो सुट्टीवरून येताना मेरठचे घेऊन आला. विमानतळावर कस्टम्सच्या अधिकाऱ्यानं बॅग उघडली, आत पितळेच्या भोंग्यांचा ढीग पाहिला आणि एक वाजवून दाखवायला सांगितलं. आता हा झांजवाला. त्यानं सगळा जीव एकवटून फुंकलं आणि अडलेली म्हैस ओरडावी तसा आवाज काढला. आगमन कक्षातली सगळी रांग उभ्या जागी वळली. अधिकारी म्हणाला, "यल्ला, यल्ला, खलास," आणि बॅगची चेन त्यानं स्वतः लावून दिली.

वाद्यं आली, पण वाजवणारे म्हातारे झाले होते. एका बिगुलवाल्याच्या पुढच्या दातांवर कॅप होती, ती दुसऱ्याच दिवशी बिगुलात गेली. फरीज बिन ओमरान भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी पहिला सूर लावला, तेव्हा वरच्या मजल्यावरचे सुदानी काका काळजीनं खाली आले, कुणाला काही झालंय का विचारायला. बायकोनं बिगुल आणि मी यांतलं एकच घरात राहील असं सांगितलं. तेव्हापासून मी गाडीत काचा वर करून, एसी लावून, पार्किंगमध्ये वाजवायचो. मुलगी मैत्रिणींना सांगायची, "बाबा इज इन अ मीटिंग."

त्यात पिढ्यांची भांडणं. जुन्या तुकडीतले म्हणायचे, आमची चाल खरी, तुमची पळपुटी. नवे म्हणायचे, तुमच्या चालीवर वरात निघते, परेड नाही. आणि सगळ्यांत मोठं संकट व्हिसाचं. माणूस वाजवायला शिकला की त्याचं काँट्रॅक्ट संपायचं. आमचे तीन साइड ड्रम पाठोपाठ पुण्याला परत गेले. शेवटी शिरसाठ नावाचा आमच्याच शाळेचा, आयटीतला पोरगेला माणूस मिळाला. त्याला ताल येत नव्हता, पण त्याचा व्हिसा लांबचा होता. मेजरनं त्याला लगेच घेतलं. "ताल शिकवता येतो," म्हणाला, "व्हिसा नाही."

पण हे सगळं एकीकडे आणि झाड एकीकडे.

आमच्या शाळेच्या मैदानाच्या बरोब्बर मधे एक चिंच होती. मुख्याध्यापक ती तोडू देत नसत. त्यामुळे बँड झेंड्याकडून निघाला की चिंचेपाशी दुभंगायचा, अर्धा डावीकडून, अर्धा उजवीकडून, आणि पलीकडे पुन्हा जुळायचा. आमच्या सगळ्यांच्या आधीपासून हे असंच होतं. आम्हाला वाटायचं, जगातला प्रत्येक बँड असाच चालतो.

अबू हमूरच्या एका मोकळ्या मैदानात पहिली तालीम झाली. मेजरनं "तेज चल" म्हटलं. ड्रम धडधडले, बिगुल वाजले, आम्ही ऐटीत निघालो, आणि निम्म्या वाटेवर, सपाट वाळूत, जिथे गवताची काडीही नव्हती, तिथे सगळा बँड दोन भागांत फाटला, शून्याला वळसा घालून पलीकडे जुळला. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. बाजूला पार्क केलेल्या गाडीतून एक ड्रायव्हर उतरून त्या जागेची वाळू पायानं चाचपून गेला.

मेजर हबकला. त्यानं पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. आम्ही ठरवून सरळ जायचो आणि पाय ठरवून वळायचे. त्या दिवसापासून मेजरनं झाडाविरुद्ध मोहीम उघडली. सेफ्टीचं हिरवं जाकीट, गळ्यात शिट्टी, आणि तो आमच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी, आमच्या पुढे चालायचा. कुणाचा खांदा जरा कलला की शिट्टी. "तोडा ते झाड डोक्यातलं! शिरसाठ, चिंचा नंतर खा!" मंगल मोठा ड्रम पोटावर सांभाळत म्हणायची, "मेजर, झाडाचं बघू, आधी हे ऊन तोडा." पण ऐकणार कोण. मैदानाच्या टोकाला एक इमारत होती, तिच्या भिंतीवरच्या घड्याळावर डोळे, इकडेतिकडे बघायचं नाही, अशी सवय त्यानं आम्हाला लावली. हिवाळा लागता लागता झाड पडलं. बँड दोरी लावल्यासारखा सरळ जाऊ लागला.

आणि मेजरची बदली आली. स्टेडियमचा सांगाडा पूर्ण झाला, त्याच्या कंपनीचं काम संपलं. "टोपी डोक्यावर बसली की मी घरी," असं तो आधीपासून सांगत होताच. त्यानं ऑफिसातल्या इजिप्शियन मॅनेजरला परेडबद्दल सांगून पाहिलं. त्या भल्या माणसानं ओढाताण करून तिकीट जितकं पुढे ढकलता येईल तितकं ढकललं. विमान क्रीडादिनाच्याच दुपारचं मिळालं.

क्रीडादिनाचा कार्यक्रम त्याच मैदानावर होता, आणि सकाळी मेजरच्या बॅगा माझ्या गाडीत होत्या. तो पांढऱ्या गणवेशात, खांद्यावर लाल झुबका, हातात काठी. काठी म्हणजे पडद्याचा रॉड आणि वर दरवाज्याची पितळी मूठ, पण ऊन पडलं की चांदीची दिसायची. आमची वेळ आली आणि सलामी घेणारे प्रमुख पाहुणे आले नाहीत. मुलांच्या शर्यती झाल्या, बायकांची रस्सीखेच झाली. मेजर घड्याळ बघत नव्हता. तो नुसता डाव्या पायावर तयार उभा होता. मंगल माझ्या कानात म्हणाली, "पाहुणे नाही आले तर मी जाऊन बसते खुर्चीवर, पण ह्यांना चालवा."

पाहुणे आले. मेजरनं काठी उंच उचलली. "तेज चल!"

काय सांगू, असा चालला तो माणूस. पोट आत, छाती पुढे, काठी आभाळात. त्याच्या मागे आम्ही, डोळे समोरच्या घड्याळावर. मैदानाच्या मध्यावर आलो आणि मेजर, एकटा मेजर, डावीकडे वळला.

कारण उघड होतं, पण आधी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. इतके महिने तो उलटा चालला होता. आमचं झाड त्यानं तोडलं. त्याचं स्वतःचं तसंच उभं होतं.

तो ऐटीत, काठी नाचवत, नसलेल्या चिंचेला डावीकडून वळसा घालत राहिला, आणि आम्ही, त्यानंच शिकवल्याप्रमाणे इकडेतिकडे न बघता, त्याच्या शेजारून सरळ निघून गेलो. मला डोळ्याच्या कोपऱ्यातून तो दिसला. तो थांबला होता. आमच्याकडे बघत होता. मग त्यानं हळूच सॅल्यूट केला. पाहुण्यांना वाटलं कार्यक्रमाचा भाग आहे, तेही उठून सॅल्यूट करू लागले.

आता बँडला थांबवणार कोण? आम्ही सरळ चहाच्या टेबलापर्यंत पोचलो आणि समोशांच्या परातीपुढे कदमताल करू लागलो. एक गृहस्थ दोन्ही हातांनी किटली वाचवत होते. मंगल ड्रम बडवत ओरडली, "मेजर, थम म्हणा!" मैदानाच्या मध्यातून, उशिरा, घोगरा आवाज आला, "बँड... थम."

विमानतळाच्या वाटेवर मी त्याच्याशी बोलायला धजलो नाही. आयुष्यभर वाट पाहिलेली परेड, आणि हा अर्ध्या वाटेवर बाजूला. शेवटी तो आपणहून म्हणाला, "बँडमेजरला बँड कधी दिसत नाही रे. तो पुढे असतो. मला दिसला." थोड्या वेळानं म्हणाला, "एकाचंही पाऊल चुकत नव्हतं. शिरसाठ सोडून." मग गणवेशातच ट्रॉली ढकलत, डावा पाय आधी टाकून, तो आत गेला. दारातल्या सुरक्षारक्षकानं त्याला सॅल्यूट केला. त्यानं स्वीकारला.

वर्ल्ड कप तोंडावर आला तेव्हा आमच्या बँडला पुन्हा बोलावणं आलं. काठी मंगलकडे होती. तालमीत आम्ही सरळच चालत होतो. पण प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या दिवशी मैदानाच्या मध्यावर मंगलनं काठी जरा आडवी केली, डावीकडे सरकली, आणि आम्ही सगळे काही न ठरवता दोन्ही बाजूंनी वळसा घालून पलीकडे जुळलो. तोवर शिरसाठलाही ताल येऊ लागला होता.

मी मेजरला व्हिडिओ पाठवला. लगेच फोन आला. "झाड तोडलं होतं ना रे आपण?" आवाजात शिट्टी होती. मंगलनं माझ्या हातून फोन घेतला.

"मेजर, ते झाड नाही. तिथं तुम्ही उभे आहात."

पलीकडे मेजरनं घसा खाकरला.

"मग जागा जरा जास्त सोडा," तो म्हणाला. "पोट वाढलंय माझं."