भाकरीच्या पिठातला म

आज सकाळी मध्य प्रदेशातल्या आमच्या सौसर गावच्या घरी घडलेली गोष्ट तुम्हाला सांगायचीच आहे.

शेजारच्या रंजनाची पाच वर्षांची श्रेया घरी सुरेख अक्षरं काढते आणि शाळेत कोऱ्या पाटीसमोर रडते. रंजना तिला घेऊन आली. म्हणाली, "ताई, मी हात धरला त बराबर लिहिते. सोडला का नुसती बसून राह्यते."

मी पाटी बाजूला ठेवली आणि ताटात ज्वारीचं पीठ पसरलं. "चुकलं तर ताट हलव, पुसलं जातं," श्रेयाला सांगितलं.

बराच वेळ ती पिठाकडे बघत राहिली. मग तिनं बोट टेकवलं. एका बाजूला कललेला 'म' उमटला. रंजनाचा हात लगेच पुढे आला, तो मी अलगद धरला.

"आई, तू पाह्य फक्त. धरू नको," श्रेया म्हणाली.

रंजनानं हात पदरात गुंडाळून घेतला आणि डोळे पुसायला पुन्हा बाहेर काढला.

ताट हलवायला श्रेया तयार नाही. "बाबाले दाखवतो." बाबा संध्याकाळी पांढुर्ण्याहून येणार, तोवर आमच्या भाकरीचं पीठ ताटातच राहील.

हात सोडणं तुमच्याकडे कोणाला जास्त जड गेलं, मुलांना की तुम्हाला?