आधी बोट, मग पाईप

"शॉक बसतो का सर?" पहिल्या बाकावरच्या पोरीनं विचारलं.

सरांनी वर्गावरून नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली. थांबणारच होती.

"तू ये पुढं. बसला तर हिला बसू द्या. सगळं फुकटचं घेतात, शॉक बी घेऊ द्या की."

वर्ग हसला. बारावी सायन्सचा अख्खा वर्ग. चाकूरपासून आत, एका गावातलं ज्युनिअर कॉलेज. आम्ही बौद्ध, माझी फी माफ. सरांना तेवढं पुरत होतं.

मी उठले. अजून लाज वाटते की उठले. पण प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात होते आणि ते तसं दर आठवड्याला बोलून दाखवायचे. हळू आवाजात. ओरडले असते तर एवढी भीती वाटली नसती.

टेबलावर चार्ज ओळखायचं साधन होतं, एक काचेची बाटली. प्लॅस्टिकच्या झाकणातून एक तार आत गेलेली. तारेच्या वरच्या टोकाला पितळी गोळा, खालच्या टोकाला चंदेरी पन्नीच्या दोन पातळ पट्ट्या. सरांनी प्लॅस्टिकचा पाईप लोकरीच्या मफलरवर घासला. थंडीचे कोरडे दिवस. चटचट आवाज आला. पाईपवर जास्तीचे इलेक्ट्रॉन आले, म्हणजे निगेटिव्ह चार्ज. पाईप गोळ्याजवळ नेला, टेकवला नाही. तरी गोळ्यातले इलेक्ट्रॉन ढकलले जाऊन खाली पट्ट्यांत उतरले. दोन्ही पट्ट्यांवर सारखाच चार्ज, म्हणून त्या एकमेकींपासून फाकल्या.

"लाव बोट," सर म्हणाले.

मी गोळ्याला बोट लावलं. शॉक बिक काही बसला नाही. ढकललेले इलेक्ट्रॉन माझ्या अंगातून जमिनीत गेले. पट्ट्या मिटल्या. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पण माझा हात पाईपच्या फार जवळ आला होता, पाईप धरलेल्या सरांच्या बोटांच्याही जवळ. सरांनी झटक्यानं हात मागं घेतला, आणि हाताबरोबर पाईप. मी बोट काढलं ते त्यानंतर. पट्ट्या पुन्हा फाकायला हव्या होत्या, त्या लोंबत राहिल्या. मेल्यासारख्या.

तीनदा केलं. तीनदा तेच. सरांनी खिशातला रुमाल काढून गोळा पुसला. सावकाश, सगळ्या बाजूंनी.

"हिच्या हाताला गुणच न्हाई," ते म्हणाले आणि त्या पहिल्या बाकावरच्या पोरीला बोलावलं. तिच्या घरची गावात मोठी शेती. तिनं बोट लावलं, सरांचा हात जागचा हलला नाही. तिनं बोट काढलं. मग सरांनी आरामात पाईप बाजूला नेला. पट्ट्या फाकल्या. टाळ्या पडल्या.

मी जागेवर बसून माझा हात बघत होते. खरं सांगते, दोन दिवस मला वाटलं की माझ्या हातातच काहीतरी खोट आहे. सायन्स शिकणारी पोरगी मी, आणि मला असं वाटलं.

रविवारी सकाळी घरी लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेतली, झाकणातून तार आणि पन्नीच्या पट्ट्या सोडल्या. गोळा नव्हता, म्हणून तारेच्या टोकाला पन्नीचा बोळा घट्ट बसवला. पाईप एका हातात, बोट दुसऱ्या हाताचं. आधी बोट काढलं, मग पाईप. पट्ट्या फाकल्या. पुन्हा केलं, या वेळी सरांसारखं. पाईप आधी. पट्ट्या पडल्या. पाईप गेला की ढकलणारं काही उरत नाही, आणि गोळ्यावर बोट असेल तर गेलेले इलेक्ट्रॉन त्याच बोटातून परत येतात. बोट आधी काढलं तर त्यांची वाट बंद होते, गोळ्यावर इलेक्ट्रॉनची कमतरता राहते. पाईपच्या उलटा चार्ज, पॉझिटिव्ह. बोट कुणाचं हे इलेक्ट्रॉन विचारत नाहीत.

संध्याकाळपर्यंत माझा संताप गेला नाही. आईला सांगितलं. ती कापूस वेचून आली होती.

"कशाला नादी लागतीस माय? मार्क त्येच्या हातात हायत. दोन म्हैने कळ काढ."

पुढच्या आठवड्यात कॉलेज तपासायला साहेब यायचे होते. आदल्या दिवशी तालीम. सरांनी पुन्हा मलाच बोट दाखवलं. "चल ये, साहेबांना आधी चुकीचं कसं होतं ते दाखवू."

मी पुढं गेले. टेबलावरचा पाईप उचलला.

"सर, पाईप मी धरते. बोट तुम्ही लावा."

कुणी हसलं नाही. मी पाईप मफलरवर घासला, गोळ्याजवळ नेला आणि थांबले. सरांचा हात खिशातच राहिला. मग मीच दुसऱ्या हाताचं बोट लावलं. काढलं. पाईप बाजूला घेतला. पट्ट्या फाकल्या, आणि तशाच राहिल्या.

"हाताला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही पाईप आधी ओढला. माझा हात लागंल म्हणून."

"मार्काचं बघू मग," सर हळूच म्हणाले.

प्राचार्यांनी आईला बोलावून घेतलं. माझ्यापुढं कोरा कागद ठेवला. "उद्धटपणाबद्दल माफी लिही, विषय संपव." आई दाराशी उभी होती, बसायला कुणी सांगितलं नव्हतं. मी प्रयोग लिहिला. कुणी काय आधी काढलं आणि का, ते क्रमानं लिहिलं. शेवटी लिहिलं, माफी मागणार नाही. सही केली.

मार्क गेले. पासापुरते मिळाले, वर एक नाही. मला लातूरला जिथं ॲडमिशन हवी होती ती हुकली. मी आता नांदेडला बी.एस्सी. करते, फिजिक्स घेऊन.

सर तिथंच आहेत. या वर्षी आमच्या वस्तीतल्या दोघी त्यांच्या वर्गात आहेत. दोघींना मी बजावून ठेवलंय. पुढं बोलावलं तर उठायचं नाही. तिथंच बसून मला फोन लावायचा. नांदेडहून यायला वेळ लागेल, पण मी येणार आहे, आणि एकटी येणार नाही.